कादंबरीतली आई

थिएटर झाडणाऱ्या मावशींना सिनेमा पहिल्यापासून कधी दिसलाच नाही. झाडू घेऊन दाराशी उभं राहायचं, शेवट बघायचा, दिवे लागले की आत शिरायचं. या आठवड्यातल्या सिनेमात आई भुताच्या तावडीतून लेकीला सोडवून आणते. लोक टाळ्या पिटतात. मावशींच्या चेहऱ्यावरची रेषसुद्धा हलत नाही. त्यांची स्वतःची लेक गेल्या वर्षी तापानं गेली.

आज तिकीटवाली शेजारी येऊन कुजबुजली, "मावशी, मूळ कादंबरीत पोरगी जगत नाही हो. आई एकटीच बाहेर येते."

"मग पुढं काय करते?"

"काही नाही. तिथंच संपतं."

"डोंबलाचं संपतंय," मावशी म्हणाल्या आणि दिवे लागले तशा झाडू घेऊन आत गेल्या.