जीपमधली हिरवी ट्यूब

जामसरहून जव्हारला येणाऱ्या जीपमध्ये ती रोज दिसायची. नाव मी कधी विचारलं नाही, कारण मला तिचा हेवा वाटायचा. दिवसभर हॉटेलात भजी तळूनही तिचे गाल शांत असत. माझे मात्र नुसत्या उन्हानं लालभडक होऊन चुरचुरत, आणि त्याच तोंडानं मी गोरेपणाच्या क्रीमविरुद्ध पत्रकं वाटत फिरायचे.

जीप सुरू झाली की ती कोरियन अक्षरांची ट्यूब काढायची. ट्यूबवर सेंटेलाचं, म्हणजे आपल्याकडे ओहोळाकाठी उगवणाऱ्या कारिवण्याचं, गोल पान होतं. जराशी क्रीम घेऊन ती गालांवर हलकेच थापटायची, कधी घासायची नाही. स्वतःच्या चेहऱ्याशी इतक्या मायेनं वागणं मला कुणी शिकवलं नव्हतं. खरा हेवा त्याचाच होता.

एकदा न राहवून मी तिच्या हातात पत्रक दिलं. तिनं ते शेवटपर्यंत वाचलं आणि माझ्याकडे बघून हसली.

"ताई, बरोबर लिवलंय. पन मी गोरी व्हायला नाय लावत. तळणापुढं तोंडाची आग होते, ती निवते. तुमची पन होते ना?"

मी गाल पुढे केला. तिनं मात्र क्रीमचा ठिपका माझ्या कानामागे टेकवला.

"आज इथंच. उद्यापर्यंत खाजलं नाय, तर मग तोंडाला. एवढी घाई काय?"

खाजलं नाही. दुसऱ्या दिवशी मी जीपमध्ये आधी चढून तिच्यासाठी शेजारची जागा धरली, आणि तिथं बसायला आलेल्या दुसऱ्या बाईला चक्क मागे पाठवलं.