पानओवा

कठड्यावरच्या कुंडीत पानओव्याला आज नवी पानं फुटलेली दिसली. जाड, लवदार, काठाला कातरलेली. एरवी एखादं चुरगाळून मी वास घेतला असता. आज हात पुढे झाला नाही.

या पानांची भजी कुणालाही आवडतात. पण खालच्या मजल्यावरच्या सुनीताला पानं हवी असत चार वर्षांच्या मुलीच्या खोकल्यासाठी. पान तव्यावर शेकायचं, रस पिळायचा, मधातून चाटवायचा. मीच तिला शिकवलं होतं. "काकू, तुमच्या हाताला गुण आहे," ती म्हणायची, आणि मी चार पानं जास्तच तोडायचे. गेल्या महिन्यात पोरीला धाप लागली, तरी मी म्हटलं, "दोन दिवस रस दे, उतरेल." झाड बोडकं झालं. तिसऱ्या दिवशी पोरीला दवाखान्यात ऑक्सिजन लावावा लागला.

ती बरी होऊन घरी आली. पानाला कशाला दोष द्यायचा? घशाला जरा आराम देणं एवढंच त्याचं काम. डॉक्टर व्हायची हौस मला होती. सुनीता माझ्याशी भांडली असती तर बरं वाटलं असतं.

बेल वाजली. दारात सुनीता, कडेवर पोरगी.

"पुन्हा खोकतेय हो. पानं फुटलीत ना? तुमच्याच हातानं द्या, काकू."

"चल, आधी डॉक्टरकडे," म्हणत मी चपला पायात सरकवल्या.

सुनीताचा चेहरा पडला. आजवर मी तिला कधी नाही म्हटलं नव्हतं.