जावयाचं कुलूप

वायरमननं स्वतःच्या सासरवाडीत बदली मागून घेऊ नये, असा नियम आमच्या खात्याच्या कुठल्याच पुस्तकात नाही. असायला हवा होता. मी ती मागून घेतली. त्यासाठी एका साहेबांच्या घरची बंद पडलेली मोटर दोनदा फुकट दुरुस्त करून दिली. त्या दिवसापासून, साताऱ्याची हद्द संपून सांगलीची सुरू होते तिथल्या माळावरच्या एका गावात मला दोन पदं मिळाली. खांबावर चढलो की वायरमन, खाली उतरलो की पाव्हणं.

इतर गावांत लाईट गेली की लोक वायरमनच्या सात पिढ्यांचा उद्धार करतात. त्यात एक सोय असते. शिव्या ऐकत ऐकत गेलं की बरोबर बिघाडापाशी पोचता येतं. इथं मात्र मी अख्ख्या गावाचा जावई. डीपी जळून चार दिवस झाले तरी, "पाव्हणं, आधी च्या घ्या. लाईट काय, यील निवांत." चहाला नाही म्हणायची सोय नाही. नाही म्हटलं तर मी घरी पोचायच्या आत बायकोला फोन गेलेला असतो, की तुझा नवरा आमच्या दारातनं तसाच गेला.

तर गोष्ट मागल्या थंडीतली. शाळू हुरड्यात आला होता आणि सकाळी तोंडातनं वाफ निघत होती. अशा दिवसांत पाऊस पडायचं काही कारण नव्हतं, पण आमच्या खात्यासारखंच आभाळाचंही कारण कुणाला सांगता येत नाही. दुपारी तीनला पश्चिमेकडनं काळं झालं, वारं सुटलं, आणि बोराएवढ्या गारांनी माळ पांढरा केला. अर्ध्या तासात तीन खांब शाळवात आडवे झाले. त्यातल्या मधल्या खांबाचं बूड साताऱ्यात राहिलं आणि डोकं सांगलीत जाऊन पडलं.

मी तसं वर कळवलं. चूक झाली. नुसतं "खांब पडला" म्हटलं असतं तर भागलं असतं. पुढचा सगळा वेळ दोन्हीकडचे साहेब मला फोन करत राहिले. एक म्हणे, बूड ज्याचं त्यानं उचलावा. दुसरा म्हणे, बुडाला कोण विचारतं, तारा डोक्याकडं असतात. एकानं तर मला फोटो काढायला लावला, त्यात खांबाशेजारी हद्दीचा दगड दिसला पाहिजे म्हणून. मी गारांत उभा राहून सहा फोटो काढले. पाचांत माझं बोट आलं.

पण त्याआधी मी एक काम केलं होतं, आणि ते अगदी नियमाप्रमाणं केलं होतं. हे मुद्दाम सांगतो, कारण पुढं नियमाप्रमाणं झालेलं दुसरं काही येत नाही.

गावात शिरायच्या आधी एका खांबावर लाईनचा मोठा स्विच आहे. खाली लोखंडी दांडा. दांडा ओढला की त्या पलीकडची सगळी लाईन तुटते. काम चालू असताना कुणी उत्साही माणसानं तो दांडा परत ढकलला तर वर चढलेल्या वायरमनची थेट तेराव्याची तयारी करावी लागते. म्हणून दांड्याला कुलूप घालायचं. खात्याचं कुलूप कधीच हरवलं होतं. मी माझ्या सायकलचं हिरवं कुलूप घातलं आणि चावी लाल दोऱ्यानं बांधून पँटच्या खिशात ठेवली. माझी रीतच आहे ती. चालताना चावी मांडीला टोचते, आणि टोचतेय तोवर कुलूप डोक्यात राहतं.

त्या खांबाच्या शेजारीच आत्याची शेड आहे. आत्या म्हणजे माझ्या सासऱ्यांची थोरली बहीण. नवरा गेल्यावर माहेरच्या माळावर येऊन राहिली आणि कोंबड्या पाळून स्वतःचं स्वतः बघते. त्याच सकाळी तिच्याकडं एका दिवसाची पिल्लं आली होती. तुसावर पसरलेली, पिवळी, बल्बाच्या उबेला चिकटून बसणारी. बल्ब गेले होते आणि पिल्लं एकमेकांच्या अंगावर चढायला लागली होती. गारठ्यात ती अशी चढतात आणि खालची गुदमरून मरतात, हे तिनंच मला सांगितलं. शेडीसमोर एक टेम्पो उभा होता.

"पाव्हणं, खरं सांगा," ती म्हणाली. "लाईट कवा येती? उशीर हुणार आसंल तर पिल्लं विट्याला भाच्याकडं न्हेते. तितं लाईट हाय. टेम्पोवाला थांबलाय."

आता इथं वायरमन असता तर म्हणाला असता, "बाई, सांगता येत नाही." पण दांड्यापाशी वायरमन नव्हता, जावई उभा होता. मी कुलूप खाडकन लावलं, हात झटकले आणि म्हणालो, "आत्या, उद्या दुपारच्या आत बल्ब पेटतील. जावयाचा शब्द हाय. आजची रात शेगडीवर काढा."

तिनं माझ्याकडं बघितलं, मग कुलपाकडं बघितलं, आणि टेम्पोवाल्याला जायला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी पहाटेच कामाला लागलो. ठेकेदाराची माणसं आली, क्रेन चिखलात रुतली, ती काढायला ट्रॅक्टर आला, तोही रुतला. ज्याच्या रानात हे सगळं चाललं होतं तो शेतकरी आपल्या शाळवाची नासाडी बघत उभा होता. दुसऱ्या कुठल्या गावात त्यानं आम्हाला दगड मारले असते. इथं तो म्हणाला, "असू द्या पाव्हणं, हुरडा खाणार का?"

दहाच्या सुमारास मी एका खड्ड्यात कंबरभर बुडालो. सासरे मला तसाच धरून घरी घेऊन गेले. सासूबाईंनी माझे कपडे काढून घेतले आणि मेव्हण्याची ट्रॅकपँट पुढं केली. मेव्हणा फौजेत. त्याची कंबर माझ्या मांडीएवढी आणि उंची माझ्या खांद्याएवढी. ती पँट माझ्या नडगीवर संपत होती. वर शेंगदाण्याची आमटी, बाजरीची भाकरी आणि "अजून एक घ्या" अशी तीन वेळा सक्ती. मी ढेकर देत कामावर परतलो. मांडीला काही टोचत नव्हतं. मला वाटलं, भाकरीमुळं बरं वाटतंय.

दुपारी एकला तारा ओढून झाल्या. ठेकेदाराची माणसं गेली. मी सबस्टेशनातल्या ऑपरेटरला फोन लावला. लाईन बंद ठेवायचं परमिट त्याच्याकडूनच घेतलेलं. आम्ही एकाच वर्षी कामाला लागलेलो.

"काम झालं. परमिट परत. लाईन चालू कर."

"सगळं बगितलंस का रं?"

"गड्या, तुज्याशी बोलतोय कोण?"

त्यानं लाईन चालू केली. अलीकडच्या वस्त्यांवर मोटारी घुमल्या, दूर कुठंतरी पिठाची गिरणी सुरू झाली. माझ्या सासरवाडीत मात्र काही नाही.

मग मी बिघाड शोधायला लागलो. दोन दिवसांत जेवढं कष्टाचं काम केलं त्यात हे सगळ्यात कष्टाचं, आणि सगळ्यात बिनकामाचं. गावातला एकेक खांब बघितला. एकेका डीपीचे फ्यूज काढून परत घातले. एका इन्सुलेटरवर संशय आला म्हणून तो बदलला. तो चांगला होता. नवा बसवलेला जरा तडकलेला निघाला, म्हणून पुन्हा जुना बसवला. मागं दहा-बारा माणसं गप्प चालत होती. वायरमनच्या मागं माणसं गप्प चालतात हे मी पहिल्यांदाच बघत होतो. मला वाटलं, माझं कौशल्य बघून दबलीत.

मधूनच कुणीतरी म्हणे, "पाव्हणं, आत्याच्या खांबाकडं एकदा जाऊन आला का?"

दुसरा म्हणे, "आत्याला भेटून तरी या. बरं वाटंल तिला."

मी काय समजलो? की दिलेला शब्द मोडला म्हणून हे मला माफी मागायला पाठवतायत. आणि नेमकं तिथंच जायचं धाडस माझ्यात नव्हतं. दुपार टळून गेली होती. गावातल्या बायका घमेल्यातनं निखारे घेऊन शेडीकडं चालल्या होत्या, ते मला दिसत होतं. त्यामुळं त्या खांबाकडं जायची पाळी आली की मी शाळवातनं लांबचा वळसा घालायचो. दिवस मावळेपर्यंत गावातले सगळे खांब तीन-तीनदा तपासले, आणि तो एक सोडला. रात्री सासऱ्यांच्या ओसरीवर मेव्हण्याच्या त्याच पँटमध्ये झोपलो आणि स्वप्नात पुन्हा खांब मोजले.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी डोकं धरून पारावर बसलो होतो. साहेबांचा फोन येऊन गेला होता. ते म्हणाले, बिघाड सांगलीच्या हद्दीत असेल तर आपला संबंध नाही. तेवढ्यात सासरे आले. माणूस मितभाषी. त्यांनी माझ्यासमोर कोळशाचं एक पोतं ठेवलं.

"एवढं तुमच्या आत्याला न्हेऊन द्या."

"मामा, दुसऱ्या कुणाला तरी..."

"न्हाई. तुमीच न्या. आन रस्त्यानं जावा. शाळवातनं नगं."

मी पोतं खांद्यावर घेऊन गेलो. आत्या खांबाच्या बुडाशी दगडावर बसली होती. डोळे लाल, हातावर राख. शेजारी एक पाटी, तिच्यावर ओलं पोतं झाकलेलं. पोत्याखाली काय आहे ते विचारावं लागलं नाही. मी कोळसा खाली ठेवला. तिनं फक्त मान वळवून दांड्याकडं बघितलं. मीही बघितलं.

हिरवं कुलूप. माझ्या सायकलचं. उन्हात छान चमकत होतं.

हात आपोआप खिशाकडं गेला. फौजी ट्रॅकपँटला खिसाच नव्हता.

चावी शोधत बसलो नाही. ऑपरेटरला फोन करून लाईन बंद करायला लावली, हातोडा घेतला, तिसऱ्या घावाला कुलूप तुटलं. दांडा ढकलला. वर स्विचची पाती खाडकन बसली. परत फोन, लाईन चालू. शेडीतले बल्ब एकदम पेटले, आणि शेगड्यांभोवती दाटलेली पिल्लं चिवचिवत उजेडाकडं पळाली. बरीच वाचली होती. सगळी नाही.

ऑपरेटर फोनवर होताच. "घावला का फॉल्ट? काय हुतं?"

"झाड," मी म्हणालो. "तारंवर झाड पडलं हुतं."

"आरं, त्या माळावर झाड कुठलं रं गड्या?"

मी फोन ठेवला. रिपोर्टात मात्र झाडच लिहिलं. ते साहेबांना पटलं. फक्त झाड कुठल्या जिल्ह्यातलं, एवढं त्यांनी विचारलं.

"आत्या," मी म्हणालो, "तुमी कुलूप लावताना बघितलं हुतं. मग बोलला का न्हाई?"

"कालच कळलं हुतं. लाईट न्हाई आली तवाच समद्या गावाला सांगितलं मी. समद्यास्नी ठावं हाय."

"आन कुणीच मला..."

"कसं सांगायचं?" ती म्हणाली. "गावचा जावई. चारचौघांत त्याला म्हणायचं, आवं, तुमीच कुलूप घालून इसरलाय? वायरमन असता तर काल दुपारीच कान धरून आणला असता. पाव्हणं पडला तुमी."

त्या पाटीकडं बघत माझ्या तोंडून निघून गेलं, "मग आजपासनं मला वायरमनच म्हणा."

तिनं हातावरची राख झटकली. मग पदर खोचला, उठून उभी राहिली, आणि म्हणाली, "मग वायरमन, हिकडं ये."

पुढं ती जे बोलली ते इथं लिहिता येणार नाही. माझ्या आईवडिलांपासून सुरुवात झाली आणि मेव्हण्याच्या पँटीपर्यंत आली. आदल्या दुपारी गप्प चाललेली माणसं रस्त्यावर उभी राहून ऐकत होती, आणि एकेकाच्या चेहऱ्यावर बंद पडलेली मोटर सुरू झाल्याचं समाधान होतं. शेवटी तिनं ती पाटी माझ्या हातात दिली. मी शेडीमागं खड्डा काढला. तो मात्र पहिल्या झटक्यात नीट काढला.

सासऱ्यांच्या घरी आल्यावर चावी सापडली. सासूबाईंनी पँट धुताना खिशातनं काढून देव्हाऱ्यात ठेवली होती. जावयाची वस्तू, हरवू नये म्हणून. तिला कुंकू लावलं होतं आणि वर शेवंतीचं एक फूल होतं.

आत्याच्या पिल्लांची भरपाई मी दिली. ती तिनं घेतली, पण वर आणखी एक अट घातली. नवं कुलूप आणलं तेव्हा दोन चाव्यांतली एक तिनं ठेवून घेतली. शेडीच्या खिळ्याला लटकवलेली असते. आता गावात मला चहा मिळतो, पण आधी विचारतात, "काम झालं का?" आणि झालं नसेल तर चहा थांबतो. जावई म्हणून माझी पत गेली ती कायमची. वायरमन म्हणून थोडी वाढली असावी, कारण हल्ली शिव्या चांगल्या पडतात.

या थंडीत एका दुपारी पश्चिमेकडं पुन्हा काळं झालं. मी अजून सायकलला टांगही मारली नव्हती, तोवर फोन वाजला.

"ए वायरमन," आत्या म्हणाली, "चावी माज्यापाशी हाय. पँट कुठली घातलीयास?"