मावशीचा गळा आणि माझी व्हॅन

धवलारीण मावशी गाडीत बसली की आधी गाडीलाच गप्प बसायला सांगायची. "ए बये, जरा तोंड मिट!" म्हणत डॅशबोर्डवर एक चापट ठेवून द्यायची. माझी जुनी व्हॅन कुणाच्या बापाचं ऐकणारी नव्हती. पत्रा खडखडायचा, काचा किरकिरायच्या, आणि पुढच्या सीटखालचं इंजिन असं गुरगुरायचं की शेजारी बसलेल्याशीसुद्धा खाडीपलीकडच्या माणसाशी बोलावं तसं बोलावं लागायचं.

ज्यांनी आगरी-कोळ्यांची लग्नं पाहिली आहेत त्यांना धवलारीण कोण ते सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगतो. मांडवात उंबराची फांदी येते तिथपासून हळद उतरेपर्यंत प्रत्येक विधीचं गाणं, म्हणजे धवला, म्हणणारी आणि त्या गाण्यातूनच विधी पार पाडणारी ही बाई. आमच्या मावशीला थळपासून पेणपर्यंत बोलावणी असत आणि तिची ने-आण माझ्याकडे होती. ती पुढे बसायची. मागे तिची सून सुनंदावहिनी, तांदूळ-नारळाची पिशवी मांडीवर घेऊन.

मावशीचा एक नियम होता. लग्न नसताना धवला तोंडातून काढायचा नाही. घरी चुलीपुढे कुणी सहज गुणगुणलं तरी ती डोळे वटारायची. "देव येऊन हुबा राहील आन् इचारील, नवरा कुठं हाय? काय दाखवशील त्याला, मांजर?" लग्नाच्या वाटेवर मात्र गायला हरकत नव्हती, कारण तिच्या मते उंबऱ्याबाहेर पाय पडला की लग्न सुरू झालं. आता मांडवात गाणं म्हणायचं असतं, शिकवायचं नसतं. त्यामुळे सुनेला शिकवण्याची शाळा जगात एकच उरली, ती म्हणजे माझी व्हॅन.

आणि त्या शाळेत मास्तरणीचा शब्द बाकापर्यंत पोचत नव्हता. मावशी मान वळवून ओरडून ओळ सांगायची, वहिनी पुढे वाकून "काय?" विचारायची. एकदा वहिनीने मोबाईलवर रेकॉर्ड करून पाहिलं. घरी जाऊन ऐकलं तर इंजिन फार सुरेख आलं होतं. बरं, ओरडून ओरडून मांडवात पोचेपर्यंत मावशीचा गळा बसलेला. नागावच्या एका लग्नात तर ऐन हळदीला तिचा आवाज उमटेचना. पाहुणे चुळबुळ करू लागले, तसा डीजेवाल्याने पेनड्राइव्ह लावून हळदीची गाणी ठणाणा सुरू केली. मावशी सुपारी चघळत कोपऱ्यात बसून राहिली. मला फार वाईट वाटलं. परतताना ती घोगऱ्या आवाजात म्हणाली, "बाला, माझा गला जाईल त्याचा मना काय न्हाय. सुनंदीच्या गल्यात उतरायच्या आधी जाईल, त्याचा भ्या वाटतं."

दुसऱ्याच दिवशी मी अलिबागेत गाडीच्या सामानाच्या दुकानात गेलो. आवाज दाबणाऱ्या चकचकीत चादरी बघितल्या, भाव ऐकला आणि दुकानदाराने मागवलेला चहा न पिताच परत आलो. मावशी म्हणाली, "आधी घरात कोन कोन भांडतंय ते तरी बघू." मी मोकळ्या रस्त्याने गाडी चालवायची आणि तिने इथे तिथे तळहात दाबून धरायचा. हाताखाली आवाज थांबला की चोर सापडला. प्रत्येक चोराला तिने नात्यातलं नाव दिलं. सतत किरकिरणारी सरकती काच म्हणजे नणंद. सीटखाली मोकळा फिरणारा जॅक म्हणजे बिनकामाचा दीर. खालून धुसफुसणारा सायलेन्सर म्हणजे सासरा. "आन् इंजिन ही सासू," वहिनी मागून म्हणाली, आणि मावशी सगळ्यांत मोठ्याने हसली.

नणंदेच्या फटीत सायकलच्या जुन्या ट्यूबची घडी बसवली. दिराला चिंधीत गुंडाळून बांधून टाकलं. सासऱ्याला लटकवायचं रबर तुटलेलं निघालं, ते गॅरेजवाल्याने बदललं. सासूच्या डोक्यावर घालायला मावशीने घरची गोधडी आणली, पण गॅरेजवाल्याने हात जोडले. "मावशी, तापल्या इंजिनावर कापड नको. लग्नाआधीच होम होईल." मग दारांना नवी रबरं लागली आणि तळाचा उघडा पत्रा तेवढा उरला. त्यावर अंथरायला मावशीने शेजारणीकडून गोणपाटं मिळवली. छान जाड, घट्ट विणीची. ती सुकटीची होती एवढं मात्र तिने सांगितलं नाही.

तिने ती धुतली होती, अगदी खाडीवर नेऊन आपटून धुतली होती. गाडी खरोखर शांतही झाली. पण थळच्या लग्नात व्हॅन दुपारभर उन्हात उभी राहिली आणि गोणपाटांना आपलं माहेर आठवलं. उंबराची फांदी आणायला करवल्या नव्या साड्या नेसून गाडीत बसल्या, त्या पदर नाकाला लावून उतरल्या. वाडीतली मांजरं चाकांपाशी येऊन बसली ती हलेनात. करवल्या कुरकुरू लागल्या तशी मावशीच उलट खेकसली, "आवाज गेला ना? मंग नाकानं कशाला भांडताव?"

गोणपाटं गेली. घराच्या पत्र्याची गळती बंद करायला आपण जी डांबरी पट्टी चिकटवतो, तिचे तुकडे मी गाडीच्या तळाला दाबून बसवले. वर माझ्या बायकोची, रेखाची, जुनी सतरंजी टाकली. ती तिच्या माहेरची असल्याने रेखाने मला दोन दिवस अबोला धरून दाखवला. गाडी काही मुकी झाली नाही, पण सासू आता दार लावून बडबडल्यासारखी वाटू लागली.

त्यानंतरच्या लग्नाला निघालो तेव्हा वडखळपर्यंत मी नुसता ऐकत होतो. इतकी वर्षं जी गाणी मी वाहून नेत होतो त्यांचे शब्द मला त्या दिवशी पहिल्यांदा ऐकू आले. मावशी साध्या आवाजात ओळ म्हणत होती, मागून वहिनी साध्या आवाजात ती झेलत होती. गाण्यात नातेवाइकांची नावं घ्यायचा क्रम चुकला की मावशी मान न वळवताच म्हणायची, "न्हाय, मामाचं नाव आधी." मला उगाचच फार श्रीमंत झाल्यासारखं वाटलं.

लग्नसराई सरत आली तेव्हाची पेणची हळद. मावशीचा गळा आता वयानेच थकला होता, त्याला माझी व्हॅन काय करणार? हळदीच्या ऐन मधल्या ओळीला तिचा आवाज तुटला. डीजेवाल्या पोराचा हात बटणाकडे गेलेला मी पाहिला. तेवढ्यात वहिनीने ती ओळ तुटली तिथूनच उचलली. पट्टी तीच, ठेका तोच, आणि मामाचं नाव आधी. पोराने हात मागे घेतला. मावशीने माझ्याकडे बघून भुवई उडवली, सुपारी तोंडात टाकली आणि भिंतीला टेकून बसली. मी मांडवाबाहेर जाऊन एकटाच हसलो, डोळे पुसले आणि पुन्हा हसलो.

परतताना ती गाडीत झोपली. माझ्या गाडीत तिला झोपलेलं मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. पुढच्या पावसाळ्यात मावशी गेली, घरच्या घरी, फार त्रास न होता.

आता पुढच्या सीटवर सुनंदावहिनी बसते आणि मागे पिशवी मांडीवर घेऊन, आपल्याच सतरंजीवर पाय ठेवून, रेखा. मागल्या आठवड्यात थळच्या वाटेवर एक किरकिर पुन्हा सुरू झाली. वहिनी ओळ अर्धी सोडून म्हणाली, "भाऊ, नणंद आली." मी गाडी बाजूला घेतली, उतरून ट्यूबची घडी नीट दाबली आणि परत आत येऊन बसलो. दार लावलं. मागून रेखाने विचारलं, "वहिनी, मामाचं नाव आधी ना?"