विहीर कुणाच्या हद्दीत?

“भाऊ, आमनी इहीर कोनी शे, तेवढं सांगा,” सोनूआप्पा तिसऱ्यांदा म्हणाले.

मी विहिरीच्या काठावर उभा होतो. मे महिना. पाणी तळाला गेलेलं, वर हिरवट तवंग. मागच्या झोपडीत आप्पांची सून कमल खाटेवर पडली होती. पहाटेपासून उलट्या आणि जुलाब. वस्तीत आणखी चार जणांचं तेच चाललं होतं. सगळे याच विहिरीचं पाणी पीत होते.

“आप्पा, विहीर गावाच्या पंचायतीची आहे,” मी म्हणालो. “आमच्या म्युनिसिपालिटीच्या हद्दीत येत नाही. मी त्यांना आजच कळवतो.”

“पन कोनी का व्हयेना, औषिद तं टाका!”

मी सायकलवर टांग मारली आणि निघालो.

साठच्या दशकाच्या मध्यावरची ही गोष्ट. मी सुरतेत सॅनिटरी इन्स्पेक्टर होतो. गटारं, उकिरडे, खाणावळी आणि विहिरी ही माझी दुनिया. उन्हाळ्यात दर आठवड्याला प्रत्येक विहिरीत ब्लीचिंग पावडर टाकायची, म्हणजे पाण्यातले रोगजंतू मरतात. त्यासाठी विहिरींची यादी असे, प्रत्येक विहिरीला नंबर असे. यादीत असलेल्या विहिरीला पावडर मिळायची. यादीत नसलेली विहीर आमच्या लेखी अस्तित्वातच नव्हती.

सोनूआप्पांची वस्ती शहराच्या कडेला होती. तीसेक झोपड्या, बहुतेक खानदेशातून आलेले, पॉवरलूमवर काम करणारे. मीही अमळनेरकडचा, बोरसे आडनावाचा. त्यामुळे मी वस्तीत गेलो की ‘आपला माणूस आला’ म्हणून चहा व्हायचा. त्या दिवशी चहा कुणी विचारला नाही.

आता हे हद्दीचं प्रकरण काय, ते सांगायला हवं. आपण ‘सरकार, सरकार’ म्हणतो, जणू एकच माणूस कुठेतरी खुर्चीवर बसलाय. तसं नसतं. शहर म्युनिसिपालिटीकडे. तिचे निवडून आलेले सभासद वेगळे, तिचा हेल्थ ऑफिसर वेगळा. गाव ग्रामपंचायतीकडे. तिच्या वर तालुका पंचायत, तिच्या वर जिल्हा पंचायत, तिचा मोठा साहेब डीडीओ. गुजरातेत हे पंचायत राज तेव्हा नवंनवं होतं. दोन्ही घरं राज्य सरकारच्या कायद्यानेच उभी राहिलेली, दोघांनाही उत्तर राज्यालाच द्यायचं. पण एकाने दुसऱ्याला हुकूम सोडायचा नाही. आमच्या हेल्थ ऑफिसरने गावच्या तलाठ्याला ‘एक बादली पावडर टाक’ असं सांगितलं असतं तर त्याने खुशाल कानाआड केलं असतं. आणि हद्द कुठून कुठे, हे ठरवणार राज्य. नवी हद्द जाहीर होते, मोजणीवाले दगड रोवतात, आणि त्या दगडाच्या अलीकडे आम्ही, पलीकडे ते.

दोन वर्षांपूर्वी शहराची हद्द वाढली होती. नव्या भागातल्या विहिरींची यादी मीच केली होती. या विहिरीच्या शहराकडच्या अंगाला हद्दीचा दगड होता. चांगला घडीव, बाजूला अक्षर कोरलेलं. बायका त्यावर कपडे आपटत बसल्या होत्या. मला त्यात काही वावगं दिसलं नाही. पाण्याजवळ असा दगड असला तर कोण सोडेल? दगडाच्या पलीकडे विहीर, म्हणजे विहीर गावाची. मी तसं लिहिलं आणि पुढे गेलो.

तर सायकल हाणत मी गावच्या पंचायतीत पोचलो. गावाचं नाव सांगत नाही. ते आता शहराच्या पोटात गेलंय. पंचायतीचं काम तलाठी बघायचा. ठाकोरभाई त्याचं नाव, पान खाणारा, सावकाश माणूस.

“ठाकोरभाई, तुमच्या विहिरीवर कॉलऱ्यासारखं दिसतंय. पावडर टाका.”

त्यांनी वही काढली, बोट फिरवलं. “बोरसेभाई, ए कूवो तमारो छे. अमारा चोपडामां नथी.” विहीर तुमची, आमच्या वहीतून गेली.

“अहो, हद्दीचा दगड विहिरीच्या अलीकडे आहे. मी डोळ्यांनी बघितलाय.”

“दगडाला काय विचारता?” ते हसले. “कागळ जुओ ने, भाई.”

मला राग आला. एक तलाठी मला काम शिकवणार! कागद बघा म्हणे. मी तावातावाने ऑफिसात आलो आणि हेल्थ ऑफिसर देसाईसाहेबांसमोर उभा राहिलो. पंचायत टाळाटाळ करतेय, वरून पत्र जायला हवं, असं सांगितलं.

साहेबांनी चष्मा वर केला. “बोरसे, पक्का है? विहीर आपली नाही?”

“नाही साहेब. दोन वर्षांपूर्वीचा माझा रिपोर्टच आहे.”

त्यांनी फाइल मागवली. रिपोर्ट गुजरातीत होता, अक्षर माझं. साहेबांनी शेवटचं वाक्य मोठ्याने वाचलं. त्याचा अर्थ असा: ‘स्थळपाहणी करून व नकाशावरून खात्री केली असता सदर विहीर हद्दीबाहेर आढळते.’

“नकाशा बघितलाय ना? मग ठीक,” साहेब म्हणाले आणि पत्रावर सही केली.

मी बाहेर आलो. मी नकाशा बघितलाच नव्हता. ते वाक्य आम्ही सगळेच लिहायचो. सीनिअर लिहायचे म्हणून ज्युनिअर लिहायचे. नकाशे दुसऱ्या ऑफिसात, तिथला कारकून जागेवर भेटायचा नाही, आणि दगड तर समोर दिसतोय. लग्नपत्रिकेवर जसं वर गणपतीचं नाव, तसं रिपोर्टाखाली ते वाक्य.

पत्र तालुका पंचायतीला गेलं. तिथून ते खाली ग्रामपंचायतीकडे, ग्रामपंचायतीचं उत्तर वर तालुक्याला, तिथून आमच्याकडे. सरळ गेलं तर सायकलवर अर्ध्या तासाचं अंतर. कागदाला तीन दिवस लागले. त्या तीन दिवसांत मी रोज वस्तीत गेलो. पाणी उकळून प्या, म्हणून सांगत फिरलो.

“लाकडं कथाईन आनूत, भाऊ?” एका बाईने विचारलं. तिचं खरं होतं. भाकरीपुरतं सरपण मिळायची मारामार, तिथे हंडाभर पाणी कोण उकळणार?

कमलला आम्ही सिव्हिल हॉस्पिटलात पोचवलं. ते राज्य सरकारचं. तिथे शहर की गाव असं कुणी विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी आप्पांची थोरली बहीण गिरजाबाई आजारी पडली. म्हातारी हॉस्पिटलात जायला तयार नव्हती. आप्पा माझ्याकडे बघायचे आणि मी विहिरीकडे बघायचो.

कुणीही विचारेल, तू स्वतःच का नाही टाकली पावडर? गोदामात पोती पडली होती, किल्ली माझ्याकडे होती. मी स्वतःला सांगायचो, नंबर नसलेल्या विहिरीला माल काढता येत नाही. हे खरंच होतं. पण त्याहून खरं दुसरं होतं. मी पावडर टाकली असती तर विहीर आपली आहे, हे कबूल केल्यासारखं झालं असतं. माझी नोकरी अजून कायम झाली नव्हती. मी घाबरलो होतो. आज हे लिहितानाही लाज वाटते, पण ते तसंच होतं.

तिसऱ्या दिवशी उत्तर आलं. ठाकोरभाईंनी एकच ओळ लिहिली होती. त्या जमिनीचा सर्व्हे नंबर शहरात गेला, आणि पुढे त्या नंबराचा आकडा. साहेब मीटिंगला गेले होते. मी पत्र खिशात घातलं आणि मोजणी खात्याच्या ऑफिसात गेलो. ठाकोरभाई खोटे ठरावेत, एवढीच इच्छा होती. कारकून जागेवर होता. नेमका त्या दिवशी होता. त्याने नकाशा टेबलावर पसरला, चार कोपऱ्यांवर चार दौती ठेवल्या आणि हद्दीच्या लाल रेषेवरून पेन्सिल नेली. रेषा विहिरीच्या पलीकडून जात होती. शेताच्या बांधाबांधाने. विहीर शहरात होती, चांगली साठ-सत्तर पावलं आत.

“कुछ गलती है?” त्याने विचारलं. माझा चेहरा तसा झाला असावा.

मी तडक वस्तीत गेलो. आप्पा दारात बसले होते.

“आप्पा, तो कपडे धुवायचा दगड कुठून आला?”

“तो धोंडा? तो तठे बांधवर व्हता,” त्यांनी शेताकडे हात केला. “आम्हीच आना. चार जन लागनात उचलाले. बायास्ले कपडा धुवाले काहीच नव्हतं ना.”

“कधी आणला?”

“तुम्ही वही लिसन उनात ना, त्याना पहिले.” म्हणजे मी यादी करायला आलो, त्याच्या आधीच. मग ते जरा घाबरले. “काबरं? सरकारना शे का तो?”

“सरकारचा आहे,” मी म्हणालो. “पण ते राहू द्या. गिरजाबाई कशी आहे?”

आप्पांनी मान हलवली. आतून कण्हण्याचा आवाज येत होता, अगदी बारीक.

परत निघालो तेव्हा डोक्यात पहिला विचार काय आला असेल? सुटलो, हा. वस्तीवाल्यांनी हद्दीचा दगड हलवला. तो गुन्हा आहे. माझी चूक नाही, त्यांची आहे. रेल्वेच्या फाटकापर्यंत मी हाच विचार करत सायकल चालवली. रिपोर्टाची भाषासुद्धा मनात तयार झाली होती. फाटक बंद होतं. मालगाडी जाईपर्यंत उन्हात उभा राहिलो आणि तिथे मला कळलं, की असा रिपोर्ट केला तर पोलीस सोनूआप्पांच्या दारात जातील, त्यांची बहीण आत पडलेली असताना. आणि दगड कुणीही हलवो, नकाशा बघायचा होता तो मी.

मी घरी किंवा साहेबांकडे न जाता गोदामात गेलो.

“नंबर?” स्टोअरकीपरने विचारलं.

“यादीत शेवटचा कितवा आहे? त्याच्या पुढचा लिही.”

“हुकूम कुणाचा?”

“माझा. सही मी करतो.”

पावडर घेऊन मी आणि एक मुकादम विहिरीवर आलो. बादलीत पावडर कालवली, तिच्यातला चुना खाली बसू दिला, वरचं निवळ पाणी दुसऱ्या बादलीत ओतलं आणि दोर बांधून बादली विहिरीत खालीवर हलवली. अर्ध्या तासाचं काम. तीन दिवस आम्ही त्यासाठी पत्रं लिहीत होतो. वस्तीतली माणसं भोवती जमून बघत होती.

संध्याकाळी साहेबांसमोर उभा राहिलो. “साहेब, विहीर आपली आहे. दगड जागेवरून हललेला होता. पण मी नकाशा बघितला नव्हता. रिपोर्टात खोटं लिहिलं.”

देसाईसाहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग म्हणाले, “पावडर नाखी?”

“टाकली, साहेब.”

“काल सवारे आखी वस्तीने इंजेक्शन. मेमो पछी.” उद्या सकाळी सगळ्या वस्तीला इंजेक्शन, मेमो नंतर. दगड कुणी हलवला हे त्यांनी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही सगळ्यांना सुई टोचली. नवीन कुणी आजारी पडलं नाही. आठवडाभरात कमल हॉस्पिटलातून घरी आली, वाळून काटकी झालेली, पण चालत आली. गिरजाबाई मात्र इंजेक्शनच्याच दिवशी दुपारी गेली.

चार दिवसांनी सोनूआप्पा आमच्या ऑफिसात दिसले. जन्म-मृत्यूच्या खिडकीसमोर उन्हात उभे. मृत्यूची नोंद करायला ते आधी गावात गेले होते. ठाकोरभाईंनी सांगितलं, शहरात जा. इथल्या कारकुनाने वॉर्डाची यादी बघितली, तीत ही वस्ती सापडेना, म्हणून सांगितलं, गावात जा. आप्पांचा हा तिसरा फेरा होता.

मी त्यांना हाताला धरून आत नेलं. कारकुनाला उठवलं आणि रजिस्टर माझ्यापुढे घेतलं. नाव, वय, कारण. पत्त्याच्या रकान्यात शहर लिहिलं.

आप्पा वाकून बघत होते. त्यांना वाचता येत नव्हतं. “काय लिखं?”

“गिरजाबाई शहरात राहत होती, असं.”

“म्हंजे आम्ही सुरतना शेत?”

“हो, आप्पा.”

“कवयपशीन?”

“दोन वर्षं झाली.”

ते माझ्याकडे बघत राहिले. ओरडले असते तर बरं झालं असतं. “आम्हले कोनी सांगंच नही,” एवढंच म्हणाले आणि शाईसाठी अंगठा पुढे केला. मी तो धरून कागदावर टेकवला. ठसा फरकटला आणि दुसऱ्यांदा घ्यावा लागला.

मेमो आला. माझं कायम होणं एक वर्ष लांबलं. पावडर पहिल्या दिवशी पडली असती तर म्हातारी वाचली असती का? डॉक्टर म्हणाले, सांगता येत नाही. मलाही अजून सांगता आलेलं नाही.

पुढे माझ्या हाताखाली नवे इन्स्पेक्टर आले. त्यांना मी एकच गोष्ट सांगायचो. एखाद्या जागेवर ‘हद्दीबाहेर’ असा शेरा मारायचा असेल, तर आधी पलीकडच्या साहेबाकडे जा आणि ‘हे आमचं आहे’ असं त्याच्याकडून लिहून आणा. त्याने लिहून दिलं नाही, तर ते आपलं समजा आणि पावडर टाका. भांडण नंतर करा.