रॉनचा थरथरणारा सूर

रॉनने दोन्ही हिअरिंग एड कानांतून काढली आणि माझ्या टेबलावर ठेवली. ही त्याची तिसरी खेप.

"हे लावून गायलो की माझा आवाज थरथरतो," तो म्हणाला. "काढलं की पियानोच धड ऐकू येत नाही. मला एवढंच सांग, डॉक्टर. थरथर यंत्रात आहे की माझ्या गळ्यात?"

यंत्र बरोबर आहे, असं मी त्याला सांगितलं. तिसऱ्यांदा.

मी ऑडिओलॉजिस्ट आहे. म्हणजे कान तपासतो आणि कोणाला किती कमी ऐकू येतं ते बघून हिअरिंग एड बसवून देतो. शिकलो मुंबईत आणि नंतर इथे अमेरिकेत. गेली अठरा वर्षं मिशिगनमध्ये ट्रॉय शहरातल्या एका क्लिनिकमध्ये आहे. पेशंटची नावं बाहेर सांगायची नसतात, म्हणून 'रॉन' हे नाव माझ्या पदरचं. खरं नाव सांगितलं तर निम्मे वाचक "अरे वा" म्हणतील आणि निम्मे नाक मुरडतील. मी दोन्ही केलेलं आहे.

हॉस्टेलमध्ये असताना रॉनचा बँड हे माझं दैवत होतं. हार्ड रॉक. कानठळ्या बसवणारी गिटार आणि तिच्यावर रॉनची किंकाळी. मी खांद्यापर्यंत केस वाढवले होते. चष्मा आणि तेल लावलेले लांब केस यामुळे मी रॉकस्टारपेक्षा कीर्तनकाराच्या साथीदारासारखा दिसायचो, पण ते मला कोणी सांगितलं नाही. मग बँड फुटला आणि रॉन एकटा हळवी प्रेमगीतं गायला लागला. पियानो, व्हायोलिनं, पांढरा सूट. मला ती वैयक्तिक फसवणूक वाटली. वर आमचं लग्न ठरलं तेव्हा माझ्या बायकोने, मेघनाने, मला पहिली भेट दिली ती त्याच प्रेमगीतांची सीडी. मी "छान आहे" म्हणालो. गेली वीस वर्षं ती गाडीत वाजते आहे. मला ती गाणी आवडत नाहीत. सगळी पाठ आहेत.

तर असा हा माणूस सत्तरीला टेकलेला असताना माझ्याकडे आला. तपासणीत निघालं तेच, जे ड्रमच्या शेजारी आयुष्य काढणाऱ्यांचं निघतं. खालचे सूर ठीक, वरचे गेलेले, डावा कान जास्त खराब. मी चांगली यंत्रं निवडली, कानात बारीक नळी घालून आवाज मोजला, संगीतासाठी वेगळा प्रोग्राम बनवला. तो तपासायला गाणीही लावली. सगळं स्वच्छ वाजलं.

पण रॉनचं समाधान होईना. आमच्या क्लिनिकची मालकीण डेनिस हिने मला बोलावलं. यंत्रं परत करायची मुदत शुक्रवारी संपत होती.

"पेशंट कलाकार आहे, त्याचा हट्ट असेल, असं तुला वाटतंय का?" तिने विचारलं.

मी म्हणालो की त्याचा गळा म्हातारा झालाय आणि ते मान्य करणं त्याला जड जातंय. हे मी फार समजूतदार चेहऱ्याने म्हणालो. आत कुठेतरी हॉस्टेलमधला मी म्हणत होतो, बरं झालं.

शुक्रवारी रॉन यंत्रं परत करायलाच आला. दहा दिवसांनी डेट्रॉइटमध्ये त्याचा कार्यक्रम होता आणि तो त्याने कॅन्सल करायला सांगितला होता. यापुढे गाणार नाही, असं तो अगदी साध्या आवाजात म्हणाला. डेंटिस्टची अपॉइंटमेंट बदलल्यासारखं.

मी कागद काढले. सही करता करता त्याने सहज विचारलं की मी तपासायला कुठली गाणी लावली होती. मी अभिमानाने त्याच्या बँडच्या पहिल्या अल्बमची नावं सांगितली.

तो थांबला. "त्यात मी ओरडतोय. तीस वर्षं झाली, मी ओरडत नाही. नंतरची कुठली लावलीस?"

"एकही नाही," मी म्हणालो.

"का?"

मी त्याला यंत्रं परत घालायला लावली आणि आता गातो ते गा म्हणालो. एका यंत्राला माझी ऐकायची नळी जोडली, म्हणजे त्याच्या कानात जाणारा आवाज मलाही ऐकू येईल. त्याने मेघनाच्या सीडीतलंच एक गाणं धरलं. पहिल्या ओळीच्या शेवटी सूर लांबवला आणि तो नळीत थरथरायला लागला. नळी काढली तर समोर सूर सरळ होता. काठीसारखा.

झालं होतं असं. हिअरिंग एडमध्ये माइक आणि स्पीकर अगदी जवळ असतात, त्यामुळे कधीकधी कुईऽऽ अशी शिट्टी वाजते. ती दाबायची सोय यंत्रातच असते. शिट्टी म्हणजे काय, तर एकाच पट्टीत लांबलेला सूर. रॉनचा लांब सूर ऐकून यंत्र त्याला शिट्टी समजत होतं आणि दाबायला धावत होतं, म्हणून तो थरथरायचा. गिटारच्या गदारोळात हे कळलं नसतं. प्रेमगीतात लगेच कळतं. आमच्या धंद्यात हे पहिल्या वर्षाला शिकवतात.

संगीताच्या प्रोग्राममध्ये मी ती सोय बंद केली. खरी शिट्टी वाजू नये म्हणून कानात घट्ट बसणारी रबरी बोंडं लावली. तो पुन्हा गायला. पूर्ण गाणं. व्हायोलिनं नव्हती, पांढरा सूट नव्हता, आमच्या साउंडप्रूफ खोलीत नुसता एक म्हातारा आवाज. रिपोर्टमध्ये मी 'पेशंट समाधानी' एवढंच लिहिलं.

मग मी रॉनजवळ सगळं कबूल केलं, समजूतदार चेहऱ्यासकट. आणि एवढ्या वर्षांचा प्रश्न विचारला, हार्ड रॉक का सोडलं? कान दुखायचे म्हणून की लोकांना हेच हवं होतं म्हणून?

"दोन्ही कारणं लोकांनी छापली आहेत," रॉन म्हणाला. "मला ही गाणी आवडतात. हे कोणी विचारतच नाही."

कॅन्सल करायला सांगितलेला कार्यक्रम शेवटी झाला. आम्ही दोघं गेलो. मेघना पहिल्या गाण्यापासून डोळे पुसत होती. शेवटी त्याने माझ्यासारख्यांसाठी बँडचं एक जुनं गाणं घेतलं, दोन सूर खाली उतरवून. ते वाईट झालं. मीच सगळ्यात जोरात टाळ्या वाजवल्या. प्रेमगीतं मला अजूनही फारशी आवडत नाहीत, पण त्या रात्री कुठला रॉन खरा वाटला, हे मी घरी सांगितलेलं नाही.

सोमवारी डेनिसला सांगून मी नव्या पेशंटच्या फॉर्ममध्ये एक प्रश्न वाढवला : 'तुम्ही सध्या काय ऐकता?' 'सध्या' या शब्दाखाली रेघ आहे. ती पेशंटसाठी नाही.