रविवारच्या पुड्या

त्या प्रकरणाचे कागद आतापर्यंत नष्ट झाले असतील. मला मात्र ते अजून पानापानाने आठवते.

ऐंशीचे दशक संपत आले होते. मी पारोळा भागातील एका पोलीस ठाण्यात फौजदार होतो. मूळचा कोकणातला. कुटुंब तिकडेच, मुलांच्या शाळेसाठी. ठाण्यामागच्या क्वार्टरमध्ये मी एकटा राहत असे. खानदेशी बोली मला समजे, बोलता येत नसे.

एका सोमवारी हजेरी चालू असताना टपालात बिनसहीचे पोस्टकार्ड आले. एका खेड्यातील म्हातारा शेजारच्या विधवेला दर रविवारी काहीतरी खायला देतो, दोन घरांत बांधाचा जुना वाद आहे, पोलिसांनी लक्ष घालावे, असा मजकूर होता. अशी कार्डे आठवड्याला तीन-चार येत. मी ते आवक नोंदवहीत चढवले आणि बाजूला ठेवले.

गुरुवारी धुळ्याहून बिनतारी संदेश आला. त्याच गावची एक विधवा दोन दिवसांपासून रुग्णालयात अत्यवस्थ होती, विषबाधेचा संशय. मी जीप काढली.

बाईला गावात सगळे अक्का म्हणत. वय पंचावन्नच्या आसपास. ताप, तोंडात फोड, अंगावर काळेनिळे डाग, हिरड्यांतून रक्त, पोटात डावीकडे गोळा. मुलगा सुरतेला नोकरीला; तो अजून पोहोचला नव्हता. जबाब देण्याच्या स्थितीत ती नव्हती. उपचार करणाऱ्या डॉक्टरीणबाई स्पष्ट बोलणाऱ्या होत्या.

"हिच्या रक्तात पांढऱ्या पेशी उरलेल्या नाहीत. हाडांच्या आत रक्त तयार होतं, तेच थांबलंय. मूळ आजार असेल तर मुंबईला पाठवावं लागेल, आणि तो प्रवास तिला सोसणार नाही. कोणी काही दिलं असेल तर ते आधी बंद करून इथेच वाट पाहता येईल. काय दिलं ते मला कळलं पाहिजे."

"किती वेळ आहे?"

"तुम्ही लवकर कळवा," त्या म्हणाल्या.

गावात कार्डातला म्हातारा सहज सापडला. ओसरीवर बसला होता. सगळे त्याला आबा म्हणत. वय सत्तरीच्या पुढे, बायको वारलेली, मुलगी लांब दिलेली. पंचांसमक्ष घरझडती घेतली. कपाशीवर फवारायच्या औषधाचे दोन डबे गोठ्यात मिळाले. ते जप्त करून सील केले. एक दगडी खल मिळाला, धुतलेला. देव्हाऱ्यामागे काचेची तपकिरी बाटली होती, रिकामी, आणि जळगावच्या एका डॉक्टरांचे कागद होते. चौकशीत कळले की आबांना स्वतःला रक्ताचा जुनाट कर्करोग आहे आणि त्याच्या गोळ्या चालू होत्या. बाटली मी हातात घेतली, पंचनाम्यात 'घरमालकाच्या स्वतःच्या औषधाची रिकामी बाटली' अशी नोंद केली आणि जागेवर ठेवली. आम्ही विष शोधत होतो. विष म्हणजे फवारणीचा डबा, एवढीच आमची समजूत होती.

ठाण्यात आबांना बाकावर बसवले. माझे हवालदार त्याच भागातले, तोंडाने तिखट.

"आबा, आठे मौनी बाबा व्हयी बठू नका. दिधं का नही दिधं?"

"दिधं. नही कोठे म्हनस मी?"

"काय दिधं?"

"औषध."

"कसानं?"

आबा भिंतीकडे पाहू लागले. मी विचारले, "बांधावरून भांडण होतं ना?"

"व्हतं. तिन्हा नवरा व्हता तवय. तो गया, भांडन बी गयं." थोड्या वेळाने ते म्हणाले, "आते भांडाले बी कोन शे, साहेब?"

दोन तास हेच चालले. दिल्याचे कबूल, नाव सांगायला नकार. मारहाणीला मी बंदी केली होती. सत्तरीच्या आजारी माणसावर हात टाकण्यात अर्थ नव्हता. खोटे बोलणारा माणूस उत्तरे बदलतो. हा माणूस एकच उत्तर देत होता आणि एकाच ठिकाणी थांबत होता. मला ते खटकले.

चहाच्या वेळी हवालदार बाहेर येऊन म्हणाले, "साहेब, या घराची जुनी रीत आहे. आबाचे वडील काविळीचं औषध द्यायचे. माझ्या आईला नेलं होतं तिथे. दर रविवारी अंगण भरायचं, बैलगाड्या उभ्या असायच्या. पैसा घ्यायचा नाही आणि औषधाचं नाव सांगायचं नाही. नाव सांगितलं की गुण जातो. पुडी पहाटे न बोलता घ्यायची, घेणाऱ्यानेही कोणाला सांगायचं नाही. म्हातारा मेला आणि मुळी कोणती ते मुलालाही न सांगताच गेला. तेव्हापासून ते अंगण रिकामंच आहे."

मला मग त्या गप्प बसण्याचा अर्थ लागला. आबा स्वतःला वाचवत नव्हते. नाव सांगितले तर अक्काचा गुण जाईल, या भीतीने ते तोंड मिटून होते. आणि तिची अवस्था आम्ही त्यांना सांगितलीच नव्हती. संशयिताला काही कळू द्यायचे नाही, ही आमची शिकवण.

मी सगळ्यांना बाहेर पाठवले आणि त्यांच्या शेजारी बाकावर बसलो.

"आबा, नाव सांगू नका. पण अक्काला गुण आलेला नाही. तिच्या तोंडातून रक्त जातंय. डॉक्टरांना भरवसा वाटत नाही."

ते माझ्याकडे वळले. मग विचारले, "पोटना गोळा?"

"आहे तसाच आहे."

त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "देव्हारामांगे बाटली शे. तुमीन हातमा लिधी व्हती, परत ठेवी दिधी."

पुढचे त्यांनी न थांबता सांगितले. आजारात त्यांच्या पोटात डावीकडे मोठा गोळा झाला होता. त्या गोळ्यांनी तो बसला. जळगावच्या डॉक्टरांनी रक्त तपासून गोळ्या थांबवल्या, तेव्हा एक भरलेली आणि एक अर्धी बाटली उरली होती. त्याच सुमारास अक्काने आपल्या पोटातला गोळा दाखवला. तसाच, डावीकडे. आबांनी गोळ्या खलात कुटल्या, गुळात मिसळल्या आणि सात दिवसांच्या सात पुड्या केल्या.

"दर ऐतवारले ती पुड्या लेवाले ये. बसे, च्या पे, दोन शब्द बोले. मना घर बठ्ठा आठवडा कोन येस?"

"शेवटच्या पुड्या कधी दिल्या?"

"ह्याच ऐतवारले."

त्या पुड्या पुढच्या रविवारच्या पहाटेपर्यंत पुरणार होत्या. मी धुळ्याच्या रुग्णालय चौकीला फोन लावला. महिला शिपायाने अक्काच्या पदराची गाठ सोडली, तेव्हा आत तीन पुड्या निघाल्या. रुग्णालयातसुद्धा ती रोज पहाटे, कोणाशी न बोलता, एक पुडी घेत होती.

मी देव्हाऱ्यामागची बाटली घेऊन धुळ्याला गेलो. डॉक्टरीणबाईंनी लेबल वाचले. बुसल्फान.

"आबांच्या रक्तात पांढऱ्या पेशी बेसुमार वाढतात. ही गोळी त्यांना आवरते," त्या म्हणाल्या. "म्हणून रक्त तपासत तपासत ती द्यायची. पेशी ठरावीक पातळीवर आल्या की थांबवायची, कारण थांबवल्यावरही तिचं काम काही आठवडे चालू राहतं. ती फोडायची नाही, कुटायची नाही, हात लागला तर धुवायचा, उरली तर परत द्यायची. त्यांच्या डॉक्टरांनी हे सगळं सांगितलंच असणार. अक्काच्या पोटातला गोळा म्हणजे हिवतापाने वाढलेली पानथरी, प्लीहा. तिच्या पेशी चांगल्या होत्या. गोळीने त्याच मारल्या."

मी विचारले, "आबांचं काय?"

"ते तपासणीला जातात का?"

ते जात नव्हते. जळगावचे डॉक्टर प्रत्येक वेळी उरलेल्या गोळ्या मोजून घेत. पुड्या द्यायला लागल्यापासून, मोजणी जुळणार नाही म्हणून, आबांनी तिकडचा रस्ताच सोडला होता. मी त्यांना ठाण्याच्या जीपने जळगावला नेले. पेशी पुन्हा चढल्या होत्या.

परतताना वाटेत ते एवढेच बोलले, "अक्का वाची जाई का?"

"माहीत नाही," मी म्हणालो.

अक्काला स्वतंत्र खोलीत ठेवले. ताजे रक्त द्यावे लागे. हवालदारांनी आणि दोन शिपायांनी दिले. पाचव्या आठवड्यात तिच्या पेशी वर येऊ लागल्या. जबाब नोंदवायला गेलो, तेव्हा ती म्हणाली, "आबाना काही दोष नही, साहेब. मीच मांगं." सुरतेहून आलेल्या मुलाला ते मान्य नव्हते. त्याने घराला कुलूप लावले आणि आईला घेऊन गेला. आम्ही 'क' समरी पाठवली, म्हणजे गुन्हा गैरसमजातून दाखल झाला असा अहवाल. तो मंजूर झाला. पोस्टकार्ड कोणी लिहिले, हे मी शोधले नाही.

नोकरीत मी बरेच गुन्हे पाहिले. बहुतेकांच्या मुळाशी काहीतरी घ्यायची इच्छा असते. या माणसाला काहीतरी द्यायचे होते, आणि देण्यासारखे त्याच्याकडे तेवढेच होते. त्यानंतर विषबाधेच्या प्रत्येक प्रकरणात घरझडतीपूर्वी मी एक प्रश्न विचारीत असे: या घरात कोण येते-जाते? गुन्हा उघडकीस यायला त्याचा कितपत उपयोग झाला, सांगता येणार नाही.

काही महिन्यांनी, एका रविवारी त्या गावावरून जाताना मी जीप थांबवली. आबांच्या अंगणात झाडलोट झालेली होती. ओसरीवर गोणपाट अंथरलेले होते. शेजारच्या दाराला कुलूप होते. त्यांनी खिशातून रक्ततपासणीचा कागद काढून माझ्यापुढे धरला. तो तीन दिवसांपूर्वीचा होता.

"वाचा ना, साहेब. डॉक्टरनी सांगं, पन घाईमा."

मी आकडे मोठ्याने वाचले. पेशी उतरल्या होत्या.

"आते गोया बंद का?"

"ते डॉक्टर ठरवतील. पंधरा दिवसांनी परत जायचं. उरलेल्या मोजून न्यायच्या."

"जासू," ते म्हणाले आणि चहा ठेवायला आत गेले.

बदली होईपर्यंत मी तिथे आणखी काही रविवारी गेलो आणि प्रत्येक वेळी नवा कागद वाचून दाखवला. स्टेशन डायरीत त्या सगळ्या भेटींची नोंद मी 'गस्त' अशी केली आहे. माझ्या हातची जाणूनबुजून केलेली खोटी नोंद तेवढीच. आबांच्या घरी चहा घेण्याइतकी मलाही दुसरी कुठली जागा नव्हती, हे त्या वहीत लिहिण्याची सोय नव्हती.